सातबारा नसलेल्या माणसाच्या धंद्यात भांडवल कसं घालायचं, पहिल्या भेटीपासून पैसे परत येईपर्यंत

हिंगोलीकडच्या एका गावात एक ताई हळद पावडरचं युनिट चालवतात. माल चांगला, गिऱ्हाईक ठरलेलं, मशीन मात्र छोटं पडतंय. बँकेत गेल्या तर साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, तारण काय? जमीन सासऱ्यांच्या नावावर, घर दिराच्या नावावर, सोनं आधीच गहाण. संपला विषय. असंच भूमिहीन दलित पोराचं होतं. आणि आदिवासी माणसाकडे जमीन असली तरी ती बिगर-आदिवासीकडे सहज जाऊ शकत नाही, तो कायदा त्याच्या भल्यासाठीच आहे, पण त्यामुळे बँकेला ते तारण नकोसं वाटतं.

अशा लोकांना लागतो तो सातबारा न मागणारा पैसा. व्हेंचर कॅपिटल म्हणजे मुळात तेच, धंदा बुडाला तर पैसे घालणाऱ्याचेही बुडाले, कुणाचं घर जात नाही. मुंबई-बंगळुरात हा पैसा ॲपवाल्यांना मिळतो, मराठवाड्यात किंवा नंदुरबारला कोणी घेऊन जात नाही. आम्ही सहा-सात मित्र गेली काही वर्षं छोट्या प्रमाणात हे करतोय आणि जे शिकलो (बरंचसं चुकून शिकलो) ते क्रमाने सांगतो. आपल्याकडे हे अगदी नवीनही नाही बरं का, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला तेव्हा गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचेच पैसे गोळा केले होते, १९५० च्या आसपास.

आधी स्वतःचा हिशोब

सात-आठ वर्षं तोंड बघायला मिळालं नाही तरी चालेल तेवढेच पैसे यात घाला, पोरीच्या शिक्षणाचे किंवा घराच्या हप्त्याचे नकोत.

परताव्याचं गणित आधीच खरं मांडून घ्या. समजा दहा ठिकाणी दहा-दहा लाख घातले, एकूण एक कोटी. तीन धंदे बंद पडले, शून्य. चार ठिकाणी मुद्दल आणि थोडं वर, बारा-बारा लाख. दोन ठिकाणी तिप्पट, एका ठिकाणी पाचपट. बेरीज एक कोटी ५८ लाख, म्हणजे सात-आठ वर्षांत वर्षाला साधारण सहा टक्के, एफडीच्या आसपास. आकडे मी धरलेले आहेत, पण माझ्या मते लहान गावातल्या धंद्यांसाठी हे धरणं प्रामाणिक आहे. शहरी फंडवाले एक कंपनी तीस-पन्नास पट होईल या आशेवर बाकीच्या नऊ बुडाल्या तरी चालवून घेतात, डाळ मिल तीस पट होत नाही. हे मान्य असेल तरच पुढे वाचा, आणि मित्रांना सोबत घेणार असाल तर त्यांनाही हाच आकडा दाखवा.

आता रस्ता कुठला. सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदलेल्या कॅटेगरी वन फंडात, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून नव्या धंद्यांत घालणाऱ्या फंडात जायचं तर कमीत कमी एक कोटी लागतात. एंजल फंडात (अगदी सुरुवातीच्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड) २०२५ च्या बदलानंतर फक्त ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर घेतात, म्हणजे वर्षाला दोन कोटी उत्पन्न किंवा साडेसात कोटींची मालमत्ता वगैरे अटी आहेत. आपल्यासारख्या नोकरदारांना उरतो सरळ रस्ता, थेट कंपनीचे शेअर घेणं. इथे एक चूक सगळेच करतात, सगळ्यांचे पैसे एका मित्राच्या खात्यात जमा करायचे आणि त्याच्या नावाने शेअर घ्यायचे. हे अजिबात करू नका!! परवानगी नसलेला फंड चालवल्यासारखं होतं, आणि उद्या त्या मित्राला काही झालं तर तुमच्या हातात एक व्हॉट्सॲप ग्रुप उरेल. चर्चा एकत्र करा, गावाला एकत्र जा, पण चेक ज्याचा त्याने कंपनीच्या नावाने द्यायचा आणि शेअर ज्याच्या त्याच्या नावावर.

धंदा शोधायचा कसा

पिच डेकची (गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइडची) वाट बघत बसलात तर जिल्ह्याच्या ठिकाणचे दोन इंजिनिअर भेटतील, बाकी कोणी नाही. तालुक्याला जाऊन एकच प्रश्न विचारत फिरायचं, इथला कच्चा माल कुठे जातो आणि पक्का होऊन कितीला परत येतो? आडत बाजारात विचारा, स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा (कोणाचं मशीन खरंच चालतंय ते त्याला पक्कं माहीत असतं), माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटाच्या ताईंना विचारा. सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे तालुक्याचा सीए, तो नावं सांगणार नाही पण कुठल्या धंद्यात दम आहे ते बोलण्यातून कळतं.

एस४एस टेक्नॉलॉजीजचं उदाहरण डोक्यात ठेवा. भाव पडला की फेकून द्यावा लागणारा कांदा, टोमॅटो गावातच सोलर ड्रायरवर सुकवायचा, सुकवणाऱ्या बाया स्वतः उद्योजक, आणि माल घेणारे मोठे गिऱ्हाईक कंपनीने आधी बांधलेले. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला त्यांना. माझ्या दृष्टीने मुद्दा पुरस्कार नाही, गिऱ्हाईक आधी बांधलं हा मुद्दा आहे. गावात उत्पादन करणारे खूप भेटतील, विकलेला माल उधारीत न अडकवणारा क्वचित भेटतो, भेटला की त्याला सोडू नका.

कागदावर धंदा काय आहे

प्रोप्रायटरी फर्मचे शेअर नसतात, बचत गटाचे नसतात, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) भागीदार व्हावं लागतं. शेअर घ्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते, नसेल तर आधी ती करा आणि धंदा तिच्यात आणा, लायसन्स, वीज कनेक्शन, ब्रँडचं नाव, सगळं. वीज मीटर नवऱ्याच्या नावावर आणि कंपनी बायकोच्या नावावर असं ठेवलं की पुढे भांडण ठरलेलं.

शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर वेगळी गोष्ट. तिथे सभासद उत्पादकच लागतो आणि एका सभासदाला एक मत, त्यामुळे तुम्ही-मी तिचे शेअर घेऊ शकत नाही. मग अशा कंपनीला बाहेरचं भांडवल मिळतच नाही का? मिळतं, नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने दाखवलंय. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच ठेवली, प्रक्रियेसाठी वेगळी कंपनी केली, सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर, आणि २०२२ मध्ये तिच्यात इनकोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. एवढं मोठं कोणी लगेच होत नाही, पण रचना लहान कंपनीलाही तीच वापरता येते. फक्त खालच्या, म्हणजे प्रक्रियेच्या कंपनीत शेतकऱ्यांचा हिस्सा निम्म्याच्या खाली जाणार नाही एवढं पहिल्याच करारात लिहून घ्या, मी तर ही अट स्वतःहून घालतो.

तपासणी

ऑडिट रिपोर्ट असतोच असं नाही आणि असला तरी बँकेसाठी केलेला असतो. त्यामुळे खोटं बोलणं अवघड जातं असे कागद बघायचे. जीएसटी रिटर्न, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यूपीआयची जमा, आणि विजेचं बिल. विजेच्या बिलाचं सांगतो, दहा एचपीची मोटर म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, पूर्ण लोडवर आठ तास चालली तर दिवसाला ६० युनिट, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १,५०० युनिट. मालक म्हणतोय दोन शिफ्ट चालतात आणि बिल ६०० युनिटचं आहे, तर काय ते समजून घ्या. लगेच खोटारडा ठरवू नका, कधी कधी अर्धं दळण दुसऱ्याच्या चक्कीवर होत असतं आणि तीच खरी अडचण असते जिच्यासाठी पैसे हवेत!

उधारीची वही स्वतः बसून बघा, कोणाकडे किती आणि किती दिवसांपासून. साठ दिवसांच्या वरची उधारी मी निम्मीच धरतो. मालकाने घरखर्चाला किती उचललं ते विचारा आणि मालकाचा पगार खर्चात धरलाय का बघा, बहुतेक वेळा नसतो, म्हणजे दिसतो तो नफा म्हणजे त्याचीच मजुरी असते.

आणि एक. ताईंच्या नावावर कंपनी असेल तर एकदा ताईंशी एकट्याने बोला, घरातल्या पुरुषांशिवाय. भाव कोण ठरवतं, चेकवर सही केल्यावर पैसे कुठे गेले हे माहीत आहे का. नावापुरत्या संचालिका असतील तर पैसे घालू नका, कारण उद्या कंपनीवर काही आलं की नोटीस त्यांच्याच नावाने निघते.

पैसा कुठल्या रूपात द्यायचा

इथे जरा थांबतो कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका डाळ मिलमध्ये आम्ही सरळ इक्विटी (साधे शेअर) घेतली, २० टक्के. माणूस सोन्यासारखा, धंदा नफ्यात, हिशोब दर महिन्याला मेलवर. पण सहा वर्षं झाली तरी आमचे पैसे बाहेर यायला रस्ताच नव्हता! ती कंपनी कोणी विकत घेणार नव्हतं, शेअर बाजारात लिस्ट होणार नव्हती, आणि मालकाकडे एकदम आमचे शेअर घ्यायला पैसे नव्हते. चूक त्याची नव्हती, पैसा कसा परत येणार हे आम्ही घालतानाच ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून दोन भाग करतो. समजा ३० लाख द्यायचेत. दहा लाखांचे साधे इक्विटी शेअर, वीस लाखांचे रिडीमेबल प्रेफरन्स शेअर, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीने ठरल्या मुदतीत परत करायचे असे शेअर. प्रेफरन्सवर आठ टक्के लाभांश ठरवायचा, नफा असेल तरच, नसेल तर पुढच्या वर्षी जोडून. चौथ्या वर्षापासून सातव्यापर्यंत वर्षाला पाच लाख कंपनीने परत करायचे. कायद्याने ही परतफेड लाभांश देण्याजोग्या नफ्यातून किंवा नव्या शेअरच्या पैशातूनच करता येते, म्हणजे दुष्काळाचं वर्ष आलं तर हप्ता आपोआप पुढे जातो, घरावर जप्ती येत नाही. कर्जात आणि यात हाच फरक आहे आणि तो मालकाला नीट समजावून सांगायचा. दहा लाखांची इक्विटी राहते, धंदा वाढला तर आपला वाटा तिथे.

"त्यापेक्षा उसने द्या ना दादा" असं मालक म्हणतो. नाही देता येत. बाहेरच्या माणसाने कंपनीला दिलेले उसने पैसे कायद्यात ठेव धरले जातात, संचालकांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे वगैरे काही अपवाद सोडून. कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) चालते, पण कंपनीला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता हवी आणि एका माणसाचे कमीत कमी २५ लाख एकाच हप्त्यात.

दुबई, अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वेगळं, तुम्ही रिडीमेबल प्रकार घेऊ नका, फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) तो कर्जासारखा धरला जातो. साधी इक्विटी किंवा सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर घ्या. पैसे परत परदेशात न्यायचे नसतील तर नॉन-रिपॅट्रिएशन तत्त्वावर घाला, ती गुंतवणूक देशी गुंतवणुकीसारखीच धरतात. न्यायचे असतील तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म) भरावा लागतो आणि तालुक्यातल्या सीएने तो आधी भरलेला असेलच असं नाही, म्हणून पुण्या-मुंबईचा माणूस आधीच लावून ठेवा.

किंमत

गेल्या वर्षी विक्री ६० लाख, मालकाचा पगार धरून नफा सात लाख. नफ्याच्या पाचपट धरली तर धंद्याची किंमत ३५ लाख, आपली दहा लाखांची इक्विटी मिळून ४५, म्हणजे आपला वाटा साधारण २२ टक्के. मी यापेक्षा जास्त वाटा मागत नाही. एक तर मालकाला धंदा आपला वाटला पाहिजे, दुसरं म्हणजे पुढची दारं बंद होतात. केंद्राचा अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड आहे ना, २०१५ पासूनचा, आयएफसीआय व्हेंचर या कंपनीकडे आहे तो, तिथे निम्म्याहून जास्त हिस्सा आणि कारभार अनुसूचित जातीच्या उद्योजकाकडेच लागतो. तुम्ही आणि तुमच्यानंतर येणाऱ्याने मिळून तो निम्म्याखाली नेलात तर त्या माणसाचं स्वस्त भांडवल तुम्हीच घालवलंत. असे उद्योजक शोधायला डिक्कीच्या लोकांना भेटा, मिलिंद कांबळेंनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेली दलित उद्योजकांची संघटना आहे.

नवीन शेअर देताना रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा (नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा) रिपोर्ट लागतो. एंजल टॅक्सची (वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर दिले तर कंपनीवर लागणाऱ्या कराची) भीती मात्र आता नाही, २०२४ च्या बजेटमध्ये तो काढून टाकला.

करार

टर्म शीट (ठरलेल्या अटींचा कागद) मराठीत लिहा, दोन पानांत, आणि मालकाच्या घरी बसून मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांसमोर. सही इंग्रजी करारावर होईल, पण मराठी कागदात नाही ते इंग्रजीत येणार नाही असं सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) बजावून ठेवा. आई किंवा सासरे असे प्रश्न विचारतात जे वकिलाला सुचत नाहीत. "पोरगा मेला तर तुमचे पैसे कोण देणार?" असं एका आजींनी आम्हाला विचारलं होतं आणि त्यानंतर मालकाचा टर्म इन्शुरन्स आम्ही प्रत्येक ठिकाणी काढायला लावतो, हप्ता कंपनीच्या खर्चातून.

वैयक्तिक जामीन घ्यायचा नाही, कोरे चेक घ्यायचे नाहीत, जमिनीचे कागद ठेवून घ्यायचे नाहीत. बाकी नेहमीचं, मोठं कर्ज काढताना किंवा मशीन विकताना आपली संमती, वर्षाला ऑडिट, महिन्याला हिशोब.

मग कंपनी कायद्याची वाट. बोर्डाचा ठराव, सभासदांचा विशेष ठराव, प्रत्येकाच्या नावाने पास-४ ऑफर लेटर, पैसे वेगळ्या बँक खात्यात, साठ दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून पंधरा दिवसांत पास-३ (शेअर वाटपाचा सरकारी फॉर्म). पास-३ भरेपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत!! हे मालकाला आधीच सांगा, नाहीतर तो मशीनवाल्याला ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. छोट्या कंपनीला डिमॅटची सक्ती नाही, मग कागदी शेअर सर्टिफिकेट दोन महिन्यांत हातात घ्या.

चेक दिल्यावर

खरं काम इथून पुढे. आपल्या पैशाचा सगळ्यात मोठा उपयोग मशीन घेण्याचा नसतो, तो मार्जिन मनी (कर्जासोबत आपल्या खिशातून घालायचा हिस्सा) म्हणून असतो. भागभांडवल दिसलं की बँक बोलायला लागते, सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीवर विनातारण कर्ज मिळू शकतं. खाद्यप्रक्रिया असेल तर पीएमएफएमईत (छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान, मुदत चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. गोदाम, ग्रेडिंग असं काही असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत, मुदत इथेही विचारा. आमच्या तीस लाखांवर एका ठिकाणी पुढे बरंच मोठं कर्ज उभं राहिलं आणि एक गुंठाही गहाण नाही, मला त्या दिवशी जो आनंद झाला तो परताव्याच्या आकड्याने कधी होणार नाही.

आणि उधारी. छोटे धंदे नफ्यात असतानाच मरतात, कारण पैसे गिऱ्हाईकाकडे अडकलेले असतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, प्रत्येक बिलावर तो नंबर छापा. लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, आणि दिले नाहीत तर सूक्ष्म-लघु उत्पादकाचं ते बिल खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च महिन्यात हे एक वाक्य फोनवर सांगितलं तरी बरीच वसुली होते. मोठ्या कंपनीला माल जात असेल तर ट्रेड्सवर (बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) बिल टाकून आधी पैसे घेता येतात, पहिल्या वेळी शेजारी बसून करून द्या.

गावाचं भलं झालं का हे कसं मोजायचं? "रोजगार निर्माण झाला" असं मी लिहीत नाही. तीनच गोष्टी बघतो, मजुरी खात्यावर जाते का आणि ते खातं त्या बाईचं स्वतःचं आहे का, हंगाम सोडून किती महिने काम मिळालं, आणि कच्चा माल किती किलोमीटरच्या आतून घेतला. वर्षातून एकदा, हिशोबाच्या कागदाबरोबरच.

पैसे परत

प्रेफरन्सचा भाग ठरल्याप्रमाणे येत राहतो. इक्विटीला तीन रस्ते. मालक किंवा त्याच्या घरचे शेअर विकत घेतात, त्यासाठी भाव काढायची पद्धत करारातच लिहा, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या अमुक पट, म्हणजे त्या वेळी वाद नको. दुसरा, मोठा गुंतवणूकदार येतो आणि आपण बाहेर पडतो. तिसरा, मोठी कंपनी धंदाच घेते, ओडिशाच्या मिल्क मंत्रा डेअरीत आविष्कार फंडाने सुरुवातीला पैसे घातले होते आणि २०२५ मध्ये हटसन या मोठ्या डेअरी कंपनीने ती डेअरी २३३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं, सुरुवात २००९ ची. मध्ये किती वर्षं गेली ते मोजा. शेअर २४ महिन्यांच्या वर ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, वर सरचार्ज आणि सेस.

आणि बंद पडला तर? दोनदा झालंय. देण्यांची यादी मालकासोबत बसून करायची, आधी मजुरांचे पैसे, मग ज्या शेतकऱ्यांचा माल घेतलाय त्यांचे, मशीन चांगल्या भावाने विकायला मदत करायची, सीएसकडून कंपनी रीतसर बंद करून घ्यायची म्हणजे मालकाच्या मागे दंडाच्या नोटिसा लागत नाहीत. आपला तोटा सीएला दाखवा, रिटर्न वेळेत भरलं असेल तर तो पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्या दोघांपैकी एकाने आता दुसरं युनिट टाकलंय, शेवग्याच्या पानांची पावडर करतो. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे जायचंय, विजेची बिलं काढून ठेव म्हणून सांगितलंय.